एक हात अंतर

आमच्या मैदानावर रांग लावायची पद्धत सोपी आहे. बुटके पुढे, उंच मागे. मी शिट्टी मारली की प्रत्येकानं उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर टेकवायचा आणि तेवढं अंतर घ्यायचं. दुसरी शिट्टी झाली की हात खाली. यात डोकं लागत नाही म्हणून हे काम मला दिलंय, असं आमच्या गणिताच्या बाई म्हणतात. मी अधूनमधून त्यांच्या छत्रीत खडूची पूड भरून ठेवतो. फिट्टंफाट.

मी खेळाचा मास्तर. पोरं तोंडावर 'सर' म्हणतात, पाठीमागे 'शिट्टी'. मला दोन्ही ऐकू येतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. पहिल्याच तासाला आठवीच्या मुली मैदानावर आल्या. शिट्टी मारली, हात वर गेले आणि रांगेच्या मधोमध एक हात नुसता हवेत राहिला. पुढे खांदाच नव्हता. एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी, आणि तिच्या मागे बटण म्हणतात ती पोरगी. हात ताठ, नजर समोर.

"बटण, पुढे सरक."

"सर, पुढे जागा नाही."

मागून कोणी हसलं नाही. एरवी माझ्या तासाला कोणी शिंकलं तरी ही मंडळी खिदळतात. मी पटकन दुसरी शिट्टी मारून टाकली. सगळ्यांचे हात खाली आले. तिचा सगळ्यात शेवटी.

त्या जागेवर रेडिओ उभी राहायची.

रेडिओ कशी होती ते नावावरून कळलंच असेल. सकाळी फाटकातून आत शिरली की सुरू. बातम्या, जाहिराती, मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा, आवाज, माझा आवाज, शिपाईमामांचा खोकला, सगळी स्टेशनं लागायची. तिला गप्प करू शकणारं माणूस जगात एकच, तिची जिवलग मैत्रीण. ती नुसतं "बस आता" म्हणाली की रेडिओ बंद. म्हणून ती बटण. नावं वर्गानं ठेवली होती आणि दोघी ती पदकासारखी मिरवायच्या.

माझं आणि रेडिओचं विशेष जमायचं. एकाच कारखान्यातला माल. वर्षाच्या सुरुवातीला मी सगळ्यांची उंची मोजतो, तर ही बया टाचा उचलून उभी. टाचा दाबून धरल्या तर बुटात मोजे कोंबून हजर. का? तर तिला एकदा तरी बटणाच्या मागे उभं राहायचं होतं. "सर, नेहमी हीच माझी पाठ बघते. मला पण हिची बघू द्या की!" एकदा रबराची पाल घेऊन मोठ्या बाईंच्या खुर्चीकडे निघाली होती, मी वाटेत पकडलं. पाल जप्त केली आणि वर शिकवणीही दिली, "अगं वेडे, पाल खुर्चीवर ठेवतात का? भिंतीवर लावायची, नजरेच्या जरा वर."

सुट्टीत ती गेली. आजारानं नाही, अपघातानं नाही. तिनं स्वतःलाच संपवलं.

का, ते कोणालाच नीट कळलं नाही. गावभर प्रत्येकाकडे एकेक कारण होतं आणि त्यातलं एकही कारण त्या पोरीला पुरं पडत नव्हतं. आदल्या आठवड्यात ती मला रस्त्यात भेटली होती. माझ्याच आवाजात मलाच "सावधान!" म्हणून ओरडली आणि पळाली.

शाळा उघडायच्या आधी मोठ्या बाईंनी सगळ्या मास्तरांना बोलावून घेतलं. "हा विषय शाळेत निघता कामा नये. कोणी विचारलं तर म्हणायचं, अभ्यासाचं बघा. एकीचं ऐकून दुसरीच्या डोक्यात शिरायला नको." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही पोरांना हसवत ठेवा. तुम्हाला तेवढंच येतं."

खरं होतं, म्हणून रागही आला नाही. मी हसवायला लागलो. शाळेनं तोंडाला कुलूप लावलं. रेडिओनं ज्या बाकावर कंपासनं नाव कोरलं होतं ते बाक सुतारानं उचलून नेलं. नाटकाच्या फोटोत ती मधोमध होती, तो फोटो भिंतीवरून उतरला आणि खिळा तेवढा राहिला. आणि रोज, शिट्टी वाजली की, बटणाचा हात हवेत.

"नाटकं आहेत सगळी," गणिताच्या बाई म्हणाल्या. मी त्या दिवशी त्यांच्या छत्रीला हात लावला नाही. चेष्टा आपल्या माणसाची करायची असते.

बटण डबा उघडत नव्हती. तसाच बंद घेऊन जायची. वर्गात विचारलं तर उत्तर द्यायची, बरोबर द्यायची आणि बसायची. त्यामुळे कोणाची काही तक्रार नव्हती.

मग वरून हुकूम आला, की प्रत्येक शाळेत एक समुपदेशक पाहिजे. तशी एक बाई आली. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. तिला ऑफिसला लागून खोली दिली, दारावर ताजा रंगवलेला बोर्ड लावला. दाराबाहेर तेच बाकडं, ज्यावर शिक्षा झालेली पोरं बसतात. शिवाय नियम असा, की आत जायचं तर वर्गशिक्षकांची चिठ्ठी आणि घरच्यांची सही. पोरांनी पहिल्या दिवशीच खोलीचं नाव ठेवलं, 'वेड्यांचा दवाखाना'. कोण जातंय मरायला?

मी चहा घेऊन गेलो.

"कोणी आलं का?"

"काल एक मुलगा आला होता," ती म्हणाली. "डस्टर मागायला."

"दिलंत?"

"दिलं. म्हटलं, निदान काहीतरी घेऊन जाऊ दे."

बाई आपल्यातली आहे हे मी तिथंच ओळखलं.

"तुमच्याशी बोलतात का पोरं?" तिनं विचारलं.

"चेंडूत हवा भरताना बोलतात. एकानं सुई धरायची, दुसऱ्यानं पंप मारायचा. नजर चेंडूवर असते ना, मग तोंड सुटतं. तेच पोर खुर्चीत समोर बसवा, दगड होतो."

तिनं कप खाली ठेवला. "मला सुई धरता येईल."

आता खोली बदलायची तर मोठ्या बाईंची परवानगी पाहिजे. अर्ज करून मिळाली नसती. मग मी जप्त माल बाहेर काढला. समुपदेशन कक्षाच्या भिंतीवर, नजरेच्या जरा वर, रबराची पाल चिकटवली आणि मोठ्या बाईंना म्हटलं, "बाई, खोलीत हवा खेळते का तेवढं बघून घ्या." बाई आत गेल्या. जी किंकाळी आली ती तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात ऐकू गेली. "त्या बाईंना दुसरीकडे कुठेही बसवा! कुठेही!" कुठेहीमध्ये माझी खेळाच्या सामानाची खोलीही आलीच.

चेंडू, जाळी, फुटके स्टम्प, घामाचा वास. चिठ्ठी नाही, सही नाही. लेस सुटलेली दिसली की मी तासाला ओरडायचो, "लेस बांधता येत नाही? जा, हवा भर जा!" पोर मान खाली घालून जायचं, लालबुंद डोळे घेऊन बाहेर यायचं आणि कोणी विचारलं तर 'शिट्टीनं शिक्षा केली' म्हणून मोकळं. महिन्याभरात त्या बाईचं नाव 'हवाबाई' पडलं आणि निम्म्या शाळेच्या लेस सुटल्या. चेंडू इतके टणक झाले की फुटबॉलच्या पोरांची बोटं सुजली.

फक्त बटणाच्या लेस कधी सुटल्या नाहीत. तिची दुहेरी गाठ असायची. मी रोज बघायचो. तिला माझा डाव कळलेला होता आणि तिला यायचं नव्हतं.

क्रीडादिनाची तयारी सुरू झाली. मोठ्या बाई गच्चीवरून संचलन बघायच्या. एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं.

"ती आठवीची रांग बघा. दात पडल्यासारखी दिसते. पाहुणे येणार आहेत. त्या मुलीला संचलनातून काढा."

"बाई, एक हाताची तर जागा आहे."

"मला दिसत नाही का काय आहे ते?" त्यांचा आवाज चढला. मग खाली आला. "हे असंच चालणार असेल तर तिच्या आईला बोलावून सांगते. यंदा घरीच ठेवा तिला. तिला बरं, आपल्यालाही बरं."

मी खाली येऊन हवाबाईला सांगितलं. ती चेंडू पुसत होती, थांबली.

"घरी कोण असतं दिवसभर?"

"कोणी नाही. आई शिवणकामाच्या कारखान्यात जाते. बाप नाही."

"म्हणजे दिवसभर एकटी." तिनं चेंडू ठेवून दिला. "सर, हे होऊ देऊ नका. काहीही करा. ती माझ्याशी नाही बोलली तर तुमच्याशी बोलू दे, पण तिला इथून एकटी घरी पाठवू नका."

मी मैदानावर गेलो. मुली रांगेत उभ्याच होत्या. शिट्टी मारली. हात वर गेले.

"बटण," मी म्हटलं, "मोठ्या बाई वरून बघतायत. एक पाऊल पुढे ये, बाळ."

"जागा नाही, सर."

मागून एक पोरगी पुटपुटली, पण ऐकू जाईल एवढ्या बेतानं. "बटणानंच बंद केला ना रेडिओ."

हवेतला हात खाली पडला. म्हणजे तिनं खाली घेतला नाही, तो पडलाच.

एरवी अशा वेळी माझ्या खिशात कायम काहीतरी असतं. एखादा टोमणा, एखादी नक्कल. त्या दिवशी खिसा रिकामा होता. मी तिच्यापाशी गेलो.

"चल. पंपाला माणूस पाहिजे."

"माझी लेस सुटलेली नाही."

"माझी सुटलीय," मी म्हटलं. खरंच सुटली होती. गच्चीवरून उतरताना मीच सोडली होती.

ती माझ्या बुटाकडे बघत राहिली. मग चालायला लागली.

सामानाच्या खोलीत हवाबाई सुई घेऊन बसली होती. मी दार लोटून निघालो, तर बटणानं माझी बाही धरली. "सर, तुम्ही पण थांबा." मग मी जाळ्यांच्या ढिगावर बसलो. बटणानं पंपाचा दांडा धरला, वर बघितलं आणि भिंतीवर खिळ्याला लटकलेली पाल तिला दिसली. काम झाल्यावर मीच ती तिथं अडकवली होती.

"ही तिची आहे."

"हो. मी जप्त केली होती."

"तिला परत हवी होती. म्हणायची, वर्ष संपलं की सरांकडून मागून घेणार." तिला हसू आलं. तिच्या तोंडावर शाळा उघडल्यापासून आलेलं पहिलं हसू, आणि ते अर्ध्यातच मोडलं. ती पंप मारायला लागली. जोरजोरात. चेंडू केव्हाच भरला होता तरी हवाबाईनं सुई काढली नाही.

"शेवटच्या दिवशी आम्ही पायरीवर बसलो होतो," बटण चेंडूला सांगत होती. "ती बोलत होती. नेहमीसारखी. सगळ्यांच्या नकला. आणि मधेच म्हणाली, मी नसले की रांगेत तुझा एक नंबर वर लागेल, मजा आहे तुझी. मला वाटलं, चाललंय हिचं. ती असलं पण बोलायची. परत बोलली. मग मी म्हटलं, बस आता."

पंप थांबला.

"आणि ती गप्प बसली. लगेच. मला बरं वाटलं, सर. मला तेव्हा बरं वाटलं."

तिनं दांडा पुन्हा एकदा दाबला.

"आता मी पुढे सरकले तर ती म्हणाली तसंच होईल ना."

हवाबाईनं 'रडू नकोस' म्हटलं नाही. 'तुझी काही चूक नाही' हेसुद्धा लगेच म्हटलं नाही. ती सुई धरून बसली आणि पोर रडेपर्यंत थांबली, रडून होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तू तिला रोज तेच म्हणायचीस. तुमच्यातला तो लाडाचा शब्द होता. तिच्या आत जे चाललं होतं ते त्या एका शब्दानं आलं नव्हतं, आणि एका शब्दानं जाणारंही नव्हतं. त्याला मोठी माणसं लागतात, मदत लागते. ते ओळखणं तुझं एकटीचं काम नव्हतं."

बटणानं मान हलवली. पटलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून.

"आता एक विचारते. तुला स्वतःला कधी असं वाटतं का, की आपणही नसावं?"

मी हवाबाईकडे बघितलं. असं विचारतात का पोराला? सरळ तोंडावर? पण पोरगी दचकली नाही. उलट तिचे खांदे खाली आले. खूप वेळ उचलून धरलेलं ओझं कोणीतरी दुसऱ्या बाजूनं धरावं तसे.

"कधी कधी. संध्याकाळी."

"सांगितलंस ते फार चांगलं केलंस. हे आता आपण तिघांतच ठेवायचं नाही. आईला सांगायचं."

"आईला नको! ती रडेल."

"रडू दे. तू इथंच बसशील, मी बोलेन, हे सर बाहेर कोणाला फिरकू देणार नाहीत. चालेल?"

बटण म्हणाली, "सर काही चावटपणा करणार नसतील तर चालेल."

"नाही करणार," मी म्हटलं.

आई कारखान्यातून तशीच आली. गळ्यात मोजायची टेप लोंबत होती, काढायचं भान नव्हतं. मी दाराबाहेर चौकीदारासारखा उभा राहिलो. शिपाईमामा आले, त्यांना परत पाठवलं. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग आईचाच आवाज आला. "पिल्लू, मी रोज विचारत होते गं, जेवलीस का, जेवलीस का. दुसरं काही विचारायचं मला सुचलंच नाही." त्यानंतर दोघींचं रडणं, कोणाचं कुठलं ते कळत नव्हतं. जाताना हवाबाई त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेली. त्या संध्याकाळी पोर एकटी राहिली नाही, आणि पुढेही बरेच दिवस नाही. शेजारची मावशी, मामी, कोणी ना कोणी येऊन बसायचं.

मी ऑफिसचा जिना चढलो. मोठ्या बाई ऑफिसात एकट्याच होत्या.

"ती मुलगी संचलनात राहणार," मी म्हटलं. "जागेसकट."

"तुम्ही मला सांगताय?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला. आता आपली नोकरी गेली असं मी धरून चाललो होतो. पण त्या भलतंच बोलल्या. "त्या खोलीतली पाल तुमची होती ना?"

"नाही बाई. रेडिओची होती."

शाळा उघडल्यापासून त्या ऑफिसात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं. बाई टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसल्या.

"माझी नक्कल करायची ती," शेवटी म्हणाल्या. "एकदा दारामागे उभी राहून पूर्ण ऐकली मी. आत जाऊन ओरडायचं ठरवलं होतं. पण इतकी हुबेहूब करत होती, की मला हसू आवरेना. तशीच परत फिरले. मला झोप लागत नाही हो. वाटतं, बोलले तर अजून एखादी जाईल."

"न बोलता एक जाणारच होती," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मोठ्या बाई माईकसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी रेडिओचं नाव घेतलं, खरं नाव, वर्गाच्या हजेरीतलं. पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही. मग हवाबाई पुढे झाली आणि म्हणाली, ज्याला कोणाला जड वाटत असेल त्यानं यावं, लेस बांधलेली असली तरी चालेल. पोरं रडली. मागून टोमणा मारणारी ती पोरगी सगळ्यात जास्त रडली. बटणापाशी गेली, पण बटण तिच्याशी बोलली नाही. ते मला बरोबरच वाटलं. सगळं एका दिवसात थोडंच होतं?

क्रीडादिनाला पाहुण्यांनी रांगेकडे बोट दाखवून मोठ्या बाईंना विचारलं, "इथं कोणी गैरहजर आहे का?"

"हो," बाई म्हणाल्या. तेवढंच.

उरलेलं वर्ष सरळ गेलं असं मी म्हणणार नाही. बटणाचे वाईट दिवस यायचे. अशा दिवशी ती न विचारता सामानाच्या खोलीत जायची आणि भरलेल्या चेंडूत हवा भरायची. मी दोन पंप मोडल्याचं लिहून नवे मागवले.

नवं वर्ष लागलं तशी मी मुलींची उंची मोजायला घेतली. सुट्टीत बटण ताडमाड वाढली होती. आईनं फ्रॉकची शिवण सोडून खाली घेतलेली स्पष्ट दिसत होती. तिची जागा आता थेट शेवटी लागत होती. मी खडूनं भिंतीवर रेघ मारली आणि मलाच एकदम कळलं, की रांग नव्यानं लागणार आणि ती मधली मोकळी जागा आपोआप बुजणार. कोणी बुजवणार नाही, तरी बुजणार.

तिलाही ते कळलं होतं. ती भिंतीपासून हलली नाही.

"सर."

"बोल."

"ती आता केवढी झाली असती?"

मागे सगळ्या मुली आपली पाळी यायची वाट बघत होत्या. कोणी ढकलाढकली करत नव्हतं. बटणानं आपला तळहात आडवा धरला आणि स्वतःच्या भुवईपाशी आणला. "एवढी?"

मी नीट बघितलं. हात, भुवई, भिंतीवरची रेघ.

"छे," मी म्हटलं. "ती टाचा उचलायची. अजून वर धर."

तिला हसू फुटलं, आणि त्याच वेळी डोळे भरून वाहायला लागले. तिनं पुसले नाहीत. हात सावकाश वर नेला, कपाळापाशी आणला आणि तिथंच धरून उभी राहिली. मी हातातला खडू घेतला आणि तिच्या तळहाताच्या खाली, भिंतीवर, दुसरी रेघ मारली.